झोपे यांचा डावा डोळा

आडनाव झोपे.
केसपेपरवर ते वाचून भुसावळचा डॉक्टर
गालातल्या गालात हसला, लगेच माफीही मागितली.
ह्यांनाही हसू आलं,
अर्ध्या तोंडानं.

मार्गशीर्षात एका सकाळी चूळ भरताना
पाणी डाव्या कोपऱ्यातून ओघळून सदऱ्यावर आलं,
तिथून हे सगळं.
ओठ महिन्या-दोन महिन्यांत बराचसा जाग्यावर आला.
पापणी आली नाही.
अर्ध्या वाटेत अडकलेलं दुकानाचं शटर,
खाली उजेडाची फट.

थंडीत निभावलं.
चैत्रात झळा सुरू झाल्या
आणि डोळा लाल, आतून वाळू घासल्यासारखा.
तीस वर्षं निंभोऱ्याला केळीचे ट्रक भरून देणारा माणूस,
कानावर पेन्सिल ठेवून घड मोजणारा,
भर दुपारी घरात भिंतीकडे तोंड करून बसू लागला.

डॉक्टरनं नारिंगी कागदाची पट्टी टेकवली,
निळा दिवा लावला, मलाही बोलावलं.
बुबुळाच्या खालच्या कडेला
हिरवी चमकती रेघ,
डबक्याच्या काठाला शेवाळ धरावं तशी.
"इथं वाळलंय," म्हणाला, "रात्रभर उघडं राहतं ना.
पाणी आटलं की आधी काठ उघडा पडतो.
हतनूरला पाहिलं असेल तुम्ही."
पाहिलं होतं.
घरातलं पाहिलं नव्हतं.

आता रात्रीचं काम माझं.
आधी मलम, तांदळाच्या दाण्याएवढं,
मग बोटानं पापणी खाली,
मग कागदी पट्टी, नाकाकडून कानाकडे.
चौतीस वर्षांत ह्यांच्या चेहऱ्याला
इतका वेळ हात लावला नव्हता.
दिवसा दर तासाला थेंब.
बागेला पश्चिमेकडून शेवरी लावतात,
घडाला पिशवी घालतात,
म्हणून मी पिशवीचा तुकडा कापून
चष्म्याच्या दोन्ही बाजूंना शिवला.
आरशात बघून म्हणाले,
"आता मले कुठं धाडते, दिल्लीले?"

घामानं दोनच्या सुमारास पट्टी सुटते.
पंखा बंद करून मी उठते.
उजवा डोळा गाढ. डावा उघडा.
काळं वर जाऊन लपलेलं,
नखाएवढी कड तेवढी दिसते, बाकी पांढरं.
पहिल्या रात्री घाबरले.
दुसऱ्या रात्री म्हटलं, झोपा हो.
तिसऱ्या रात्री मीच बोलत बसले.

की पाटल्या हरवल्या नव्हत्या,
धाकटीच्या बाळंतपणात दिल्या.
की तुमच्या आईचं भरीत मला कधीच आवडलं नाही,
तेल फार.
की लग्नाच्या वर्षी यावलच्या शाळेचं पत्र आलं होतं
माझ्या नावाचं.
ते चुलीत जाताना मी दारात उभी होते,
हातात परात होती,
परात खाली ठेवली नाही.

तो डोळा ऐकायचा.
मध्येच बोलायचा नाही,
उठून ओट्यावर जायचा नाही.
मग मलमाचं बोट, नवी पट्टी.

सकाळी एकदा म्हणाले,
"रात्री कोनाशी बोलू राह्यली होती?"
हवेशी, म्हटलं.
चहा बशीत ओतला त्यांनी, डावीकडून सांडला,
दोघांनीही पुसला नाही.

हिरवी रेघ काही हटेना.
मंगळवारी बाहेरच्या कोपऱ्याला टाके घालायचे,
पापण्या तिथं एकमेकींना शिवायच्या.
डोळा जरा लहान दिसेल, पण वाचेल.
माझी सही घेतली.
झोपे, असं लिहिलं, एवढंच,
माझं नाव लिहायला जागा होती
हे नंतर दिसलं.

काल रात्री पट्टी सुटली नाही.
अडीचला पाहिलं, तीनला पाहिलं,
पक्की बसलेली.
कोपऱ्यातून मीच जराशी उचलली.
खिडकीतून गरम वारा येत होता.
अंगठ्यानं परत दाबून बसवली,
आणि अंगठा तिथंच ठेवला
दूधवाला येईपर्यंत.